डोक्याला मार लागलेल्या खेळाडूची तपासणी: क्रम, पद्धत आणि नेहमी होणाऱ्या चुका

खेळाडू डोक्यावर आपटतो, कोच धावत जातो, दोन बोटं नाचवतो आणि विचारतो, "किती?" "दोन, सर." "मग ठीक आहेस. ऊठ." ही तपासणी कित्येक मैदानांवर अजून चालते आणि तिचा काडीचाही उपयोग नाही. कन्कशन (धक्क्याने मेंदू हादरून त्याच्या कामात होणारा बिघाड) झालेल्या मुलाला बोटं व्यवस्थित मोजता येतात. मगाशी गोल कुणी केला, हे मात्र त्याला आठवत नसतं.

अलीकडे दुसरी चूक वाढली आहे. कुणाच्या तरी मोबाइलमध्ये 'स्कॅट' या कन्कशन-तपासणीचा फॉर्म असतो. मार लागला की तो बेंचवरच घाईघाईत भरला जातो, स्कोअर 'चांगला' येतो आणि खेळाडू पुन्हा आत. फॉर्म नव्हता तेव्हा निदान शंका तरी असायची. आता आकड्याचा दाखला मिळतो. मुळात या चाचण्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. शंका आली की खेळाडू बाहेर, हे आधीच ठरलेलं असतं. त्याचं नेमकं काय बिघडलंय, किती बिघडलंय आणि ते सुधारतंय का, एवढंच चाचणी सांगते.

खालचा क्रम कोच, क्रीडाशिक्षक, फिजिओ आणि पालकांसाठी आहे. २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जी सहमती झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिला तो धरून आहे. निदान डॉक्टरांनीच करायचं. शेवटच्या टप्प्यात खेळाबाहेरच्या मेंदूविकारांत बुद्धीच्या कामाचं मोजमाप कसं करतात तेही घेतलं आहे, कारण तिथेही चुका जवळपास याच होतात.

## टप्पा १: हंगाम सुरू होण्याआधीची तयारी

१. कोणता फॉर्म कुणी वापरायचा ते ठरवा. वैद्यकीय शिक्षण नसलेल्यांसाठी 'कन्कशन रेकग्निशन टूल ६' आहे. त्यात गुण वगैरे काही नाहीत. धोक्याच्या खुणा ओळखा आणि खेळाडूला बाहेर काढा, एवढंच. 'स्कॅट-६' हा डॉक्टर आणि प्रशिक्षित आरोग्यसेवकांसाठी, १३ वर्षं आणि त्यापुढच्या खेळाडूंकरता. ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी 'चाइल्ड स्कॅट-६' वेगळा आहे. मोठ्यांचा फॉर्म लहानांना लावू नका. स्कॅट-६ पहिल्या ७२ तासांत सगळ्यात उपयोगी पडतो, फार तर आठवडाभर. त्यानंतर दवाखान्यात 'स्कोट-६' वापरतात.

२. बेसलाइन घ्यायची असेल तर नीट घ्या. बेसलाइन म्हणजे खेळाडू धडधाकट असतानाचा त्याचा स्वतःचा स्कोअर. ती नसली तरी तपासणी अडत नाही. पण गडबडीत घेतलेली बेसलाइन नसलेल्यापेक्षा वाईट, कारण पुढे सगळी तुलना तिच्याशीच होते. सराव संपवून घामाघूम झालेली वीस पोरं एका हॉलमध्ये बसवून फॉर्म भरून घेतले, की ते कागद रद्दीत घालायच्या लायकीचे असतात. एकेका खेळाडूला शांत खोलीत, विश्रांतीनंतर बसवा. पुढे ज्या भाषेत तपासणी होणार आहे त्याच भाषेत प्रश्न विचारा. शब्दांच्या याद्या मनाने भाषांतरित करू नका. शब्द लहान-मोठे, सोपे-अवघड झाले की स्कोअर बदलतो आणि तुलना फसते.

३. फॉर्मच्या आधीची माहिती लिहून घ्या. आधी किती वेळा कन्कशन झालं, शेवटचं कधी, बरं व्हायला किती दिवस लागले. मायग्रेन आहे का. लक्ष केंद्रित करण्याचा किंवा शिकण्याचा त्रास, चिंता, नैराश्य यांचं निदान झालंय का. कोणती औषधं चालू आहेत. रोज झोप किती. ही पाटी कोरी राहिली, तर पुढे तोच स्कोअर दोन डॉक्टर दोन प्रकारे वाचतील.

४. माणसं नेमून ठेवा. ॲम्ब्युलन्सला फोन कोण करणार, ती कोणत्या गेटमधून आत येणार, खेळाडूजवळ कोण थांबणार, घरच्यांना कोण कळवणार. हे सामन्याच्या दिवशी सकाळी ठरलेलं असावं.

> सावध: काही हुशार खेळाडू बेसलाइनला मुद्दाम चुका करतात, म्हणजे नंतर मार लागला तरी 'फरक नाही' असं दिसेल. एरवी तल्लख असलेल्या मुलाला दहापैकी तीनच शब्द आठवत असतील, तर ती बेसलाइन स्वीकारू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

## टप्पा २: मैदानावरची पहिली काही मिनिटं

इथे स्मरणशक्तीला हात लावायचा नाही. आधी जीव आणि मान.

१. हलवू नका. खेळाडू बेशुद्ध असेल, तर मानेला इजा आहे असंच धरून चाला. बसवणं, उभं करणं, तोंडावर पाणी मारणं, मान इकडेतिकडे वळवून बघणं यातलं काहीही नको. हेल्मेटही प्रशिक्षित माणसानेच काढायचं. श्वास चालू आहे ना आणि श्वासाची वाट मोकळी आहे ना, हे मात्र सगळ्यांच्या आधी बघायचं.

२. धोक्याच्या खुणा तपासा. खालीलपैकी एकही दिसली तर थेट ॲम्ब्युलन्स. पुढची कोणतीही चाचणी नाही.

- मान दुखते किंवा दाबल्यावर दुखते
- हातापायांत अशक्तपणा, मुंग्या किंवा जळजळ
- एकाचे दोन दिसतात
- फिट आली
- शुद्ध हरपली, किंवा शुद्ध हळूहळू कमी होत चालली आहे
- उलटी
- डोकं प्रचंड दुखतंय किंवा दुखणं वाढत चाललंय
- खेळाडू अस्वस्थ, चिडचिडा, अंगावर धावून येणारा झालाय
- कवटीवर खोक किंवा खळगा दिसतो

प्रशिक्षित माणूस हजर असेल तर तो ग्लासगो कोमा स्केल बघेल. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, असे एकूण १५ गुण. १४ आले तरी खेळाडू रुग्णालयात. इथे 'पंधरापैकी चौदा म्हणजे छान' असा परीक्षेचा हिशेब चालत नाही.

३. दिसणाऱ्या खुणा आठवा. पडल्यावर निपचित होता का? उठताना झोकांड्या गेल्या? नजर शून्यात होती? पडताना हात पुढे आले नाहीत? खेळाडू काय सांगतो त्यापेक्षा बघणाऱ्यांनी काय पाहिलं याला इथे वजन जास्त. व्हिडिओ असेल तर तो लगेच बघा.

> तपासा: मार डोक्यालाच लागायला हवा असं नाही. छातीवर किंवा खांद्यावर जोरात धडक बसली आणि डोकं झटक्याने मागेपुढे झालं, तरी मेंदू हादरतो. हेल्मेट कवटी फुटण्यापासून बरंच वाचवतं, पण मेंदूला बसणारा पिळा ते पूर्ण थोपवू शकत नाही. 'हेल्मेट होतं ना' ही सबब नको.

## टप्पा ३: शंका आली की बाहेर

धोक्याची खूण नाही, मान ठीक आहे, खेळाडू स्वतः चालत बाहेर आला. आता मॅडॉक्सचे प्रश्न विचारतात: आपण आत्ता कोणत्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचा गोल किंवा गुण कुणी केला? मागचा सामना कुणाशी झाला? तो आपण जिंकलो का?

हे प्रश्न 'आज वार कोणता'पेक्षा चांगले, कारण ते नुकत्याच घडलेल्या गोष्टींची आठवण तपासतात. सुट्टीत असलेल्या धडधाकट मुलालाही वार सांगता येत नाही. चालू सामन्यातला गोल मात्र तो विसरत नाही. फक्त उत्तरं विचारणाऱ्याला स्वतःला माहीत हवीत. पाहुणा डॉक्टर "मागचा सामना कुणाशी?" विचारतो, खेळाडू ठासून काहीतरी ठोकून देतो आणि दोघंही समाधानाने मान हलवतात, असं होऊ शकतं.

एक उत्तर चुकलं तरी बाहेर. सगळी बरोबर आली, पण डोकं दुखतंय, गरगरतंय, 'काहीतरी विचित्र वाटतंय', तरी बाहेर. त्या दिवसापुरता खेळ संपला. "पाच मिनिटं बसव, मग बघू" हा मधला मार्ग नाही.

बहुतेक कन्कशनमध्ये खेळाडू बेशुद्ध होतच नाही. त्यामुळे 'शुद्ध गेली नव्हती' हे कारण कुणी पुढे केलं तर ऐकून सोडून द्या. खेळाडू तर स्वतःच्या विरोधात बोलणारच नाही. फायनल असेल तर "सर, खरंच काही नाही झालं" हेच ऐकू येईल. निर्णय त्याच्यावर सोडणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. ज्या मेंदूने निर्णय घ्यायचा, मार त्याच मेंदूला लागलाय.

## टप्पा ४: शांत खोलीत स्कॅट-६

ही तपासणी दहा मिनिटांच्या आत उरकली, तर ती नीट झालेली नाही असं समजा. फॉर्मवरच तसं लिहिलेलं असतं. खेळाडूचा दम बसेपर्यंत, निदान दहा मिनिटं थांबा. धापा टाकणाऱ्या माणसाचा तोल आणि लक्ष दोन्ही तसेही बिघडलेले असतात. जागा बंद खोलीची. ड्रेसिंग रूममध्ये बाकीची टीम गलका करत असताना नाही.

१. लक्षणं. २२ लक्षणं, प्रत्येकाला ० ते ६ गुण, एकूण १३२. फॉर्म खेळाडूने स्वतः वाचून भरायचा, *आत्ता* कसं वाटतंय त्यावरून. नेहमीची चूक अशी: तपासणारा भरभर विचारत जातो, "डोकं दुखतंय? नाही ना? मळमळ? नाही ना?" प्रश्नातच उत्तर आहे. कागद खेळाडूच्या हातात द्या आणि गप्प बसा. बेसलाइनच्या वेळी याच यादीत 'एरवी कसं वाटतं' ते विचारलेलं असतं, हेही विसरू नका.

२. भान. महिना, तारीख, वार, वर्ष, वेळ. पाच गुण. वेळेत तासाभराचा फरक चालतो. घड्याळ आणि मोबाइल खेळाडूच्या नजरेसमोर नको.

३. दहा शब्द. सेकंदाला एक शब्द, सपाट आवाजात. मग खेळाडूने आठवतील ते, कोणत्याही क्रमाने सांगायचे. तीच यादी तीन वेळा वाचायची, एकूण ३० गुण. पहिल्याच फेरीत दहाच्या दहा आले तरी तीन फेऱ्या करायच्याच. हे शब्द नंतर पुन्हा विचारणार आहोत, हे सांगायचं नाही.

गोंधळ होतो तो इथे. खेळाडू सात शब्दांवर अडतो आणि प्रेमळ तपासणारा म्हणतो, "आठव, आठव... 'प'वरून आहे बघ." झालं, त्या क्षणी चाचणी बाद. ओठांची हालचाल, मान डोलावणं, "अगदी बरोबर!" हेसुद्धा इशारेच. शांत बसायचं, तो थांबला की "अजून काही?" एवढंच एकदा विचारायचं आणि पुढे जायचं. तिसरी फेरी संपल्याची वेळ लिहून ठेवा; ती लागणार आहे.

४. उलटे आकडे. "६-२-९" म्हटलं की "९-२-६". तीन आकड्यांपासून सहापर्यंत, प्रत्येक लांबीला दोन संधी. दोन्ही चुकल्या की थांबा. चार गुण. इथेही सेकंदाला एक आकडा. फोन नंबर सांगतो तसे 'बासष्ट, नऊ' असे जोडून वाचले तर लक्षात ठेवणं सोपं होतं आणि स्कोअर खोटा वाढतो.

५. उलटे महिने. डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत न चुकता. एक गुण. वेळही नोंदवा; ३० सेकंदांच्या आत व्हायला हवं. महिने सुलटे म्हणतानाच जो अडखळतो, त्याला बेसलाइनलाही हे जमलेलं नसतं, म्हणून जुना कागद समोर ठेवा.

६. तोल. कडक, सपाट जमीन, डोळे बंद, हात कमरेवर. आधी दोन्ही पाय जुळवून, मग एका पायामागे दुसरा पाय टेकवून, मग कमी वापरातल्या पायावर. प्रत्येकी २० सेकंद. हात कमरेवरून सुटला, डोळे उघडले, पाऊल पडलं, टाच किंवा चवडा उचलला, की एक चूक. एका स्थितीत जास्तीत जास्त १०. बेसलाइन अनवाणी घेतली असेल तर आताही अनवाणीच. घोटा आधीच मुरगळलेला असेल तर तसं लिहा, नाहीतर पायाचा दोष मेंदूच्या नावावर जमा होतो.

त्यानंतर तीन मीटरच्या पट्टीवर टाचेला चवडा लावत जायचं, वळायचं आणि परत यायचं. वेळ मोजा. खेळाडूजवळ उभे राहा. गरगरणारा माणूस पडू शकतो.

७. शब्द पुन्हा. तिसरी फेरी संपल्याला किमान पाच मिनिटं झाली का ते बघा. झाली असतील तर विचारा, "मगाशी जी यादी वाचली होती, त्यातले आठवतील तेवढे शब्द सांग." दहा गुण. यादी पुन्हा वाचायची नाही. तोल आटोपल्यावर पाचच्या ऐवजी तीनच मिनिटं झाली असतील तर थांबा. तपासणीतल्या सगळ्यात बोलक्या आकड्याची घाईत माती करू नका.

> तपासा: भान ५ + शब्द ३० + उलटे आकडे आणि महिने मिळून ५ + नंतरची आठवण १०, असे ५० गुण. लक्षणं आणि तोल यांचे आकडे यात मिसळू नका. ते वेगळेच वाचायचे असतात, आणि त्यांत आकडा जास्त म्हणजे त्रास जास्त.

## टप्पा ५: स्कोअर वाचताना

पन्नासपैकी अमुक म्हणजे पास, अशी रेषा नाही. एखादा खेळाडू धडधाकट असताना ४८ काढतो. मार लागल्यावर त्याचे ४२ आले तर ती घसरण आहे, जरी दुसऱ्या एखाद्याचे रोजचेच ४२ असले तरी. म्हणून तुलना आधी स्वतःच्या बेसलाइनशी, ती नसेल तर त्याच वयाच्या खेळाडूंच्या आकड्यांशी.

आणि सगळं बेसलाइनइतकंच आलं तरी कन्कशन नाही असं ठरत नाही. लक्षणं तासांनीसुद्धा उगवतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तपासण्यांत तो पास झाला आणि त्याच डावात पुन्हा फलंदाजीलाही आला. दुसऱ्या दिवशी उठला तेव्हा डोकं दुखत होतं. मग त्याच्या जागी मार्नस लाबुशेनला खेळवलं गेलं. सोबत डॉक्टर असलेल्या संघाची ही गोष्ट. तुमच्याकडे एक फिजिओ आणि एक प्रथमोपचार पेटी असेल, तर संशयाचा फायदा मैदानाला देऊ नका. तपासणी काही तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, शब्दांची वेगळी यादी घेऊन. तीच यादी वापरली तर सुधारणा दिसते ती पाठांतराची.

सीटी स्कॅनबद्दल एक गैरसमज चिवट आहे. सीटी रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधण्यासाठी करतात. कन्कशनमध्ये पेशींच्या कामात बिघाड होतो, तो सीटीत उमटत नाही. 'सीटी नॉर्मल' याचा अर्थ ऑपरेशनची गरज नाही एवढाच. पुढच्या रविवारी खेळायला हरकत नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही.

## टप्पा ६: पहिले ४८ तास

पहिले किमान तीन तास खेळाडूला एकटं सोडू नका आणि एकट्याने घरी पाठवू नका. दारू नाही, गाडी चालवणं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेच्या गोळ्या, ॲस्पिरिन किंवा सूज कमी करणारी वेदनाशामकं नाहीत. दुसऱ्या टप्प्यातल्या धोक्याच्या खुणांची यादी घरच्यांच्या हातात लिहून द्या. तोंडी सांगितलेलं रात्री दोन वाजता कुणाला आठवत नाही. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्या, तासातासाला उठवायचं कारण नाही. मात्र हलवूनही जागा होत नसेल तर तडक रुग्णालय.

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. एक-दोन दिवस बेताची विश्रांती: घरातली कामं, चालणं चालतं, मोबाइल आणि टीव्ही पहिले ४८ तास कमीत कमी. त्यापुढे नुसतं लोळत राहिल्याने बरं व्हायला उलट वेळ लागतो.

## टप्पा ७: आधी वर्ग, मग मैदान

विद्यार्थी असेल तर क्रम ठरलेला: पूर्ण वेळ शाळा-कॉलेज आणि अभ्यास जमू लागल्याशिवाय पूर्ण खेळ नाही. सुरुवातीला अर्धा दिवस, मधे विश्रांती, परीक्षेत जादा वेळ एवढी सवलत बहुतेकांना पुरते. मैदानावर तरतरीत दिसणारा मुलगा गणिताच्या तासाला डोकं धरून बसत असेल तर तो बरा झालेला नाही.

खेळाकडे परतण्याच्या सहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला किमान २४ तास:

1. लक्षणं फार न वाढवणारी रोजची कामं, चालणं.
2. हलका व्यायाम, हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या सुमारे ५५ टक्क्यांपर्यंत. ते जमलं की मध्यम, सुमारे ७० टक्क्यांपर्यंत.
3. आपल्या खेळाचा सराव, पण एकट्याने आणि डोक्याला धक्का बसण्याची शक्यता नसलेला.
4. टीमबरोबर सराव, पण धडका नाहीत. कुस्ती किंवा बॉक्सिंगमध्ये प्रतिस्पर्ध्याशिवाय.
5. पूर्ण सराव, धडकांसह.
6. सामना.

ठोक्यांचा अंदाज २२० वजा वय असा काढा. १६ वर्षांच्या खेळाडूसाठी २०४. त्याचे ५५ टक्के म्हणजे साधारण ११२ आणि ७० टक्के म्हणजे १४३. 'हलकं धाव' म्हटल्यावर पोरं कशी धावतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मनगटावर बोटं ठेवून मोजा.

पहिल्या तीन पायऱ्यांवर लक्षणं थोडी वाढली तर घाबरायचं नाही. ० ते १० च्या मापावर दोन गुणांपर्यंत आणि तासाभराच्या आत कमी होणारी वाढ चालते. त्याहून जास्त झाली की त्या दिवसाचा व्यायाम बंद, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न. चौथ्या पायरीपासून नियम कडक. लक्षणं पूर्ण गेलेली हवीत, आठवण आणि लक्ष पूर्ववत हवं, आणि डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. ४ ते ६ मध्ये काहीही उलटलं की थेट तिसरीवर.

> सावध: सगळ्यात जास्त चोरी होते ती तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये. व्यायाम जमला, सामना तोंडावर आहे, डॉक्टरांची भेट 'नंतर बघू' म्हणून राहते आणि खेळाडू सरळ टीममध्ये उतरतो. पहिला हादरा बरा होण्याआधी दुसरा बसला तर त्रास लांबतो, आणि क्वचित कोवळ्या वयात मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीवही जातो.

बहुतेक खेळाडू चार आठवड्यांत बरे होतात. त्यानंतरही डोकेदुखी, गरगरणं, विसराळूपणा राहिला तर 'होईल हळूहळू' म्हणत वाट बघू नका. मान, तोल सांभाळणारा आतला कान, झोप, मायग्रेन, मनःस्थिती यांपैकी काय अडतंय ते शोधून त्यावर इलाज करतात. मानेच्या आणि तोलाच्या फिजिओथेरपीने अशा कित्येकांना फरक पडतो.

## टप्पा ८: इतर मेंदूविकारांत मोजमाप

खेळ बाजूला ठेवू. पक्षाघात, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, अपस्मार, स्मृतिभ्रंश यांतही 'किती विसरतो' हे मोजावं लागतं. स्कॅट इथे चालत नाही. आणि उलट, ज्येष्ठांच्या स्मृतिभ्रंशासाठीच्या चाचण्या तरुण खेळाडूच्या कन्कशनला लावल्या तर त्यात सगळं छानच दिसतं. त्या तेवढ्या बारीक नाहीत.

१. आधी गोंधळ तात्पुरता आहे का ते बघा. तासा-दिवसांत आलेला, कमी-जास्त होणारा गोंधळ म्हणजे डिलिरियम. त्यामागे संसर्ग, औषध, क्षारांचा असमतोल असं काही असतं. त्या अवस्थेत स्मृतिभ्रंशाची चाचणी घेऊन कागदावर शिक्का मारणं ही गंभीर चूक आहे.

२. कान, डोळे, झोप, औषधं. चष्मा घरी राहिलेल्या माणसाला चित्र ओळखता येणार नाही. ऐकू कमी येणाऱ्याला पाच शब्द 'आठवत' नाहीत, कारण त्याने ते ऐकलेलेच नसतात. नैराश्य, थायरॉइड आणि बी-१२ हेही याच यादीत.

३. आजाराप्रमाणे चाचणी निवडा. मोका ही ३० गुणांची चाचणी नियोजन आणि लक्ष यांतला बिघाड एमएमएसई या जुन्या चाचणीपेक्षा चांगला पकडते. तिची मूळ सीमा २६, आणि १२ वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. पण वेगवेगळ्या भाषांच्या आणि शिक्षणाच्या लोकांत ही सीमा खाली येते, म्हणून २५ आले की 'स्मृतिभ्रंश' असं कुणी म्हणू नये. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आधी वेग मंदावतो. तिथे चिन्हांना आकडे जोडण्याची ९० सेकंदांची चाचणी उपयोगी, आणि हात कमजोर असेल तर ती तोंडी घेतात. पार्किन्सनमध्ये गोळीचा असर चालू असतानाच तपासा आणि गोळीची वेळ लिहा. पक्षाघातात वाचा गेलेल्या माणसाचे शब्दांचे गुण म्हणजे त्याच्या आठवणीचे गुण नव्हेत. अपस्मारात फिट येऊन गेल्यानंतर लगेच तपासू नका. शिवाय टोपिरामेटसारख्या फिटवरच्या औषधानेही शब्द सुचेनासे होतात.

४. एका कमी आकड्याला भुलू नका. सरासरीपेक्षा दीड प्रमाण विचलन (लोकांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात त्याचं माप) खाली ही नेहमीची सीमा धरली, तर निरोगी लोकांतलेही सुमारे ७ टक्के तिच्याखाली येतात. दहा चाचण्या घेतल्या की धडधाकट माणसाचाही एखादा आकडा घसरलेला सापडतो. एकाच क्षमतेच्या दोन चाचण्यांत घसरण आहे का, आणि घरचे काय सांगतात, हे बघा. पैशांचे व्यवहार, औषधं वेळेवर घेणं, नेहमीचा रस्ता यांत चुका होतात का, हे प्रश्न रुग्णाला आणि नातेवाइकाला वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसले की एकतर बायको सावरून घेते, नाहीतर मुलगा मधेच बोलतो.

निवृत्त खेळाडूंबाबत जास्त जपायला हवं. सीटीई, म्हणजे वारंवार डोक्याला मार बसल्याने होणारी मेंदूची झीज, खात्रीने ओळखता येते ती मृत्यूनंतर मेंदूची ऊती तपासूनच. पन्नाशीचा माजी बॉक्सर विसरतोय म्हणून त्याला परस्पर हे नाव चिकटवू नका. घोरणं आणि झोपेतला श्वासरोध, नैराश्य, दारू, रक्तदाब यांचा शोध आधी. त्यांच्यावर उपाय आहेत.

५. नोंद पूर्ण करा. तारीख, वेळ, चाचणीची आवृत्ती, भाषा, कुणी घेतली, चष्मा-श्रवणयंत्र होतं का, आदली रात्र कशी गेली, शेवटची औषधाची मात्रा किती वाजता. पुढच्या वेळी शक्यतो तोच तपासनीस, तीच वेळ, चाचणीची दुसरी आवृत्ती. दोन चाचण्यांत सहा महिने ते वर्षाचं अंतर ठेवतात. तब्येत अचानक बदलली असेल तर लवकर. गुणांच्या बेरजेबरोबर प्रत्येक भागाचे गुणही वेगळे लिहा, कारण एकूण गुण दोन्ही वेळी २४ च राहूनही आठवणीचे दोन गुण गेलेले आणि चित्राचे दोन वाढलेले असू शकतात, आणि डॉक्टरांना हवी असते ती नेमकी हीच माहिती.